लक्झेंबर्गच्या बँकांवरचा निबंध

लक्झेंबर्ग हा देश आमच्या विभागप्रमुखांनी निवडला तो स्टाफरूमच्या भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून. बोटाखाली तो देश पूर्ण झाकला गेला, शेजारच्या देशांचेही थोडे तुकडे गेले.

मी तेव्हा जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी, कॉलेजात तासिका तत्त्वावर वाणिज्य शिकवत होते. रोज सकाळी माझ्या गावाहून, ईटहून, एसटीनं जायचं, तास घ्यायचे आणि उरलेल्या वेळात सरांची कामं करायची. तासिकेवरच्या माणसाची नेमणूक दरवर्षी नव्यानं होते आणि ती करायची की नाही, हे विभागप्रमुखांच्या शब्दावर असतं. मी नाही का म्हणाले नाही, हे कुणी विचारू नये म्हणून एवढं आधीच सांगते.

सरांना प्रोफेसर व्हायचं होतं. त्यासाठी आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या नियतकालिकात छापलेला एक शोधनिबंध कमी पडत होता.

"मॅडम, युरोपातला बारका देश बरा," सर म्हणाले. "मोठा घेतला की कुणीतरी वाचलेलं निघतं. हा घ्या. इथल्या व्यापारी बँका. दिवाळीच्या सुट्टीत होऊन जाईल."

मी धीर करून म्हणाले, "सर, माझ्याकडं भूम तालुक्यातल्या बचत गटांचं काम तयार आहे. गटातल्या बायका बँकेत गेल्यावर त्यांना काय अनुभव येतो, त्यावर दोन वर्षं गावोगाव फिरलेय."

"त्यात नवीन काय? त्या बायका आपण रोजच बघतो."

सर त्या बायका गाडीच्या काचेतून बघत. काच वर असायची.

दिवाळीत मी ईटच्या घरी लॅपटॉप घेऊन बसले. आई शेजारी करंज्या करत होती.

"काय लिहायलीस गं एवढं?"

"लक्झेंबर्गमधल्या बँकांवर."

"तिथं आपलं खातं हाय का?"

"न्हाय."

"मग कुणी सांगितलं?"

"सरांनी."

"त्यांचं हाय का?"

त्यांचंही नव्हतं. आई करंज्यांकडं वळली.

आता कबूल करायला लाज वाटते, पण तो विषय मला आवडायला लागला. आपल्या जिल्ह्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा देश आणि बँका किती तर जगभरातल्या. मी तिथल्या बँकांचे अहवाल शोधले, न कळलेलं पुन्हा वाचलं. सगळं इंग्रजीत लिहून काढलं आणि ज्याची खात्री वाटली नाही तिथं मराठीत सूचना लिहून सरांना पाठवलं. पहिल्या पानावर सरांचं नाव होतं. दुसरं नाव कुणाचंच नव्हतं.

जानेवारीत कॉलेजात चर्चासत्र झालं. पाहुणे कुर्डुवाडीला रेल्वेनं उतरले, त्यांना आणायला मलाच पाठवलं. सभागृह भरलेलं दिसावं म्हणून पोरांना हजेरीची भीती घालून बसवलं होतं. सरांनी निबंध वाचला. इंग्रजी शब्दांवर ते असे थांबत, जणू ते त्यांना वाटेत पहिल्यांदाच भेटत होते.

शेवटी मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. गावातलेच, बँकेतून निवृत्त झालेले कॅशियर.

"सर, देश एवढा बारका आणि बँका एवढ्या. मग खातेदार आणायचे कुठनं?"

सरांनी पाणी प्यायलं. पानं मागं-पुढं केली. "प्रश्न मार्मिक आहे," ते म्हणाले. "त्याकडं जागतिकीकरणाच्या संदर्भात पाहिलं पाहिजे."

"ते खरंय. पण खातेदार कोण?"

मी उठले. उठायचं ठरवलं नव्हतं. म्हणाले, "बहुतेक बँका तिथल्या माणसांसाठी नाहीतच. परदेशी बँकांनी तिथं कचेऱ्या थाटल्यात, कारण कायदे आणि कर त्यांच्या सोयीचे. दुसऱ्या देशांतल्या श्रीमंतांचा पैसा सांभाळायचा, गुंतवणुकीच्या फंडांचा कारभार बघायचा, हे त्यांचं काम. तिथल्या माणसाला पगार जमा करायला आणि घराला कर्ज काढायला मोजक्या बँका पुरतात. बँकांतली कितीतरी माणसंही शेजारच्या देशांतनं रोज कामाला येतात आणि संध्याकाळी परत जातात."

"म्हणजे मुरुमच्या माणसानं रोज राज्याची हद्द ओलांडून आळंदला नोकरीला जावं तसं," कॅशियर म्हणाले. "मी होतो मुरुमच्या शाखेला. आता कळलं."

मागच्या बाकांवरची पोरं मोबाइल ठेवून ऐकत होती. सर हसून पाहुण्यांकडं वळले. "मॅडमनी टायपिंग केलंय, त्यामुळं त्यांना थोडंफार ठाऊक आहे."

पाहुण्यांनी मान डोलावली. मी खाली बसले. चीड सरांची होती, पण त्याहून जास्त स्वतःची. मला ते वाक्य तिथंच खोडून काढता आलं असतं.

दोन महिन्यांनी निबंध छापून आला. तिसऱ्या पानावर, इंग्रजी मजकुराच्या मधोमध, माझी मराठी ओळ जशीच्या तशी होती : "सर, हे वाक्य मला खात्रीचं वाटत नाही, छापायच्या आधी तपासून घ्या." संपादकांना ती दिसली नाही. ज्या विद्वानांनी निबंध तपासल्याचं वर लिहिलं होतं त्यांनाही नाही. पदोन्नतीच्या समितीलाही नाही.

मी सरांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली.

"असू द्या," ते म्हणाले. "वाचतंय कोण?"

आवाजात खंत नव्हती. हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलले. सर प्रोफेसर झाले. सत्कारात कुणीतरी त्यांना युरोपीय बँकिंगचे अभ्यासक म्हणालं आणि सरांनी नम्रपणे हात जोडले. आता त्यांच्याकडं पीएचडीचे विद्यार्थी आहेत. त्यातल्या एकाला लक्झेंबर्गहूनही बारका देश, अँडोरा, दिलाय म्हणे.

जूनमध्ये मी नेमणुकीचं विचारायला गेले तर म्हणाले, "यंदा वर्कलोड कमी आहे, मॅडम." माझे तास त्यांच्या साडूच्या मुलीला मिळाले. मी भांडले नाही. भांडायला समोर माणूस लागतो.

आता मी परंड्याला एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना शिकवते आणि बचत गटांवरचं काम दुसऱ्या विद्यापीठात पीएचडीसाठी नोंदवलंय. तिथल्या मार्गदर्शक बाईंनी माझं दुसरं प्रकरण दोनदा परत पाठवलं. समासात लाल पेनानं भरभरून लिहिलंय. एका ठिकाणी, बँकेत गेलेल्या गटातल्या एका बाईच्या हकिकतीशेजारी, विचारलंय, "या बाईला मॅनेजरनं किती वेळ उभं ठेवलं, ते का लिहिलं नाही?"

ते विचारायला मला येत्या रविवारी पुन्हा तिच्या गावी जायचंय.