मेल्यावरचा जाहीरनामा

लोकसभेच्या मतदानाच्या चिठ्ठ्या वाटायचं काम माझ्यासारख्या शाळामास्तराच्या गळ्यात पडलं ते ऐन मोहाच्या दिवसांत. गोंडपिपरीहून मोटारसायकल दामटत सकाळी सातला त्या जंगलगावात पोचलो, तर गावात फक्त कोंबड्या. एप्रिलात मोहफुलं गळतात, प्रत्येक घराचं झाड ठरलेलं असतं आणि माणसं पहाटेच आपापल्या झाडाखाली जातात. निवडणुकीची तारीख ठरवणाऱ्यांना हे कोण सांगणार? मी चरफडत जंगलाची वाट धरली.

नीलाबाई कोडापे आपल्या झाडाखाली वाकून फुलं वेचत होती. साठीची, काटकुळी, तोंडाने फटकळ. तिचं झाड नाल्यापलीकडे, आणि यंदा नाल्यापलीकडे वाघीण राहायला आलेली. मार्चमध्ये शेजारच्या गावातली एक बाई या वाघिणीने नेली होती. त्यामुळे इथे महागाई नाही, देशाची सुरक्षा नाही. मुद्दा एकच, वाघ.

पक्षांनाही ते कळलं होतं. पहिली गाडी आली आणि वाघाने माणूस मारला तर दुप्पट भरपाई देऊ म्हणून गेली. दुसऱ्या पक्षाने तिप्पट केली, वर वारसाला सरकारी नोकरी. पहिला पुन्हा आला आणि त्याने पक्कं घर जोडलं. मेलेल्या माणसाचा भाव दर दोन दिवसांनी चढत होता. जित्या माणसाला कुणी विचारीना.

नीलाबाईने प्रत्येकाला एकच सांगितलं, "मोहा सरेपर्यंत दोन गार्ड उभे करा माह्या झाडापाशी. मत तुमचं."

एकाने ते वहीत लिहून घेतलं. दुसरा मात्र प्रामाणिक निघाला. "बाई, गार्ड ठेवले तर वाघ माणसाला धरणार नाही. मग भरपाई द्यायची कुणाला?"

"म्हणजे मेल्याशिवाय काईच भेटत नाई का, भाऊ?" नीलाबाईने विचारलं. तो नमस्कार करून पुढच्या झाडाकडे गेला.

हे सगळं मला सोमारीने सांगितलं. तिचं झाड नीलाबाईच्या शेजारचं. पुढचं तिने हसत हसत सांगितलं. नीलाबाईचा मुलगा दिनेश बारावी झालेला, दोन वर्षं कामासाठी बल्लारपूरला खेटे घालणारा. नोकरीचं वचन आल्यापासून तो आईशी फार गोड बोलायला लागला. एका संध्याकाळी म्हणाला, "आई, मोहा वेचाले जाऊ नको. निकाल लागेपर्यंत तरी."

"काऊन? जुन्या भावात जाईन म्हणून?" आई म्हणाली. सून रंजीता ताटावरून उठून गेली.

"गुरुजी, नीलाबाई आता आमच्या गावातली सगळ्यात महागाची बाई हाय," सोमारी म्हणाली. मीही खो खो हसलो. नीलाबाईने वाकूनच माझ्याकडे पाहिलं, आणि मला माझीच लाज वाटली.

मतदानाच्या दिवशी मी शाळेबाहेर यादी घेऊन बसलो होतो. नीलाबाई सातलाच मत देऊन बाहेर आली आणि मागून येणाऱ्या दिनेशची वाट पाहत माझ्या टेबलापाशी थांबली. तो आला तसं तिने विचारलं, "खरं सांग, कोणाले देलं?"

दिनेश जमिनीकडे बघत पुटपुटला, "नोकरीवाल्याले."

आता ही बाई आभाळ डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. ती शांतपणे म्हणाली, "बरं केलं. म्याही त्यालेच देलं."

दिनेशने चमकून वर पाहिलं.

"माही साठी झाली. तुले कोण नोकरी देते दुसरं? पण एक आयक. नोकरी लागली त रंजीताले माह्या झाडाखाली धाडू नको."

दिनेश तिथेच, रांगेतल्या सगळ्यांसमोर, हमसून रडायला लागला.

"रडून काऊन राह्यला? अजून मेली नाई मी," नीलाबाई म्हणाली, आणि ऊन चढायच्या आत नाल्याकडे निघून गेली.