गोंदण काही सुटून येईना

प्रल्हाद गेल्याचा निरोप माझ्या ऑफिसात फोनवर आला. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात केलेल्या माणसाचा शेवटचा निरोप, आणि लाइन इतकी रद्दी की पलीकडून त्याचा मेहुणा "भाऊजी गेले, गेले" म्हणून ओरडतोय आणि इकडून मी "कुठे गेले?" म्हणून ओरडतोय. सगळं ऑफिस माना वर करून ऐकत होतं. शेवटी कळलं. मी खुर्चीत बसलो... आणि मनात जे पहिलं आलं ते काही फार थोर नव्हतं. मनात आलं, अबे, फोटो न देताच गेलास! घरी येऊन सुमतीला सांगितलं. ती पदर तोंडाशी धरून बराच वेळ रडली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, आता माही माय मले कोण देईन?"

हे नीट सांगायला हवं, कारण एका फोटोने एवढा छळ नागपूर शहरात दुसऱ्या कोणाचा केला नसेल. आमचं लग्न मौद्याकडे सुमतीच्या गावी लागलं, भर उन्हाळ्यात. प्रल्हाद गजभिये माझा कॉलेजपासूनचा मित्र. गळ्यात कॅमेरा अडकवून वऱ्हाडासोबत आला आणि फोटोच्या नादात दोनदा जेवणाची पंगत चुकवली. सगळ्यांचे फोटो निघाले, फक्त सासूबाई हाती लागेनात. कॅमेरा दिसला की त्या धानाच्या कोठीमागे. "माह्या कायचा फोटो काढता, बाप्पा! मी अशी काळीठिक्कर!" आयुष्यात त्यांनी एकही फोटो काढू दिला नव्हता. पण लेकीला निरोप द्यायच्या वेळी त्या कॅमेरा विसरल्या. मांडवाच्या कडेला, सुमतीच्या मागे येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि प्रल्हादने तेवढ्यात साधलं. त्याच पावसाळ्यात कावीळ होऊन त्या गेल्या. राहिला तो एवढाच फोटो, आणि तोही प्रल्हादच्या ताब्यात.

लग्नाचा बाकी अल्बम त्याने महिन्याभरात दिला. एक पान मात्र कोरं. त्यावर फोटो अडकवायचे चार कोपरे त्याने स्वतः चिकटवून दिले होते, आणि वर्षानुवर्षं आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा त्या पानाशी थांबून विचारायचा, "हा पडला का?" पडला नाही हो, उगवलाच नाही! भानगड अशी की सुमती उन्हात, फिक्या पिवळ्या शालूत, आणि सासूबाई मागे मांडवाच्या सावलीत. सुमती बरोबर छापली तर सासूबाई कोळसा, सासूबाई दिसू लागल्या की सुमतीचं पीठ. यावर प्रल्हादने तोड काढली. कागदावर उजेड पडत असताना सासूबाईंच्या चेहऱ्यापुरती हाताची सावली धरायची, म्हणजे तेवढा भाग कमी काळा होतो. दोघी दिसू लागल्या. मी म्हटलं, सुटलो! पण सासूबाईंच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते. चेहरा उजळला की ठिपके पुसून जात, आणि ठिपके यावेत म्हणून गडद केलं की कातडीही त्यांच्याइतकीच काळी. "गोंदण सुटून येत नाही गा," हे त्याचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की माझ्या कानातच ते गोंदलं गेलं.

त्याची डार्करूम म्हणजे घरची न्हाणी. रविवारी घरातल्या सगळ्यांनी सकाळीच आंघोळी उरकायच्या, मग खिडकीला घोंगडं, लाल दिवा, फळीवर तीन ट्रे. आत तो आणि मदतीला त्याची बायको, नलूवहिनी. मी बाहेर, उपड्या बादलीवर. मला आत प्रवेश नाही, जागा नाही आणि उजेड येतो म्हणून. बरं, वर्षभर हे चालेल तर शपथ! आमच्या उन्हाळ्यात नळाचं पाणीच चहाला ठेवल्यासारखं येतं, त्यात फोटो धुवायचं औषध बिघडतं. बर्फाची लादी आणून पाहिली, ती ट्रेपर्यंत पोचेतो निम्मी. पावसाळ्यात कागद दमट. म्हणजे सासूबाईंचा हंगाम दिवाळी ते होळी, संत्र्यासारखा!

मग दार उघडायचं, ओला फोटो घेऊन प्रल्हाद अंगणात यायचा, उन्हात धरायचा. मी बादलीवरून उडी मारून म्हणायचो, "वा! झकास! दे इकडे."

"काहून झकास? गोंदण कुठी आहे?"

"अबे, नाक आहे, डोळे आहेत, हसून राहिली आहे बिचारी. सासू माझी आहे का तुझी?"

"सासू तुही. फोटो माहा." आणि टर्रकन चार तुकडे.

एकदा मी निगेटिव्हच मागितली, बर्डीच्या बाजारात कुठल्याही स्टुडिओत छापून घेतो म्हटलं. त्याने असं काही बघितलं की जणू मी सासूबाईंनाच विकायला निघालो आहे. "तो तिले मेमसाहेब करून ठेवीन," म्हणाला. "मले विचार. लग्नाआधी माहा फोटो स्टुडिओवाल्यानं असा गोरा केला, असा गोरा केला, की मांडवात नलूचा मामा मलेच विचारते, नवरदेव कधी येऊन राहिले म्हणून!" आतून नलूवहिनींचा हसण्याचा आवाज. आता बायको तरी माझी बाजू घेईल म्हणून घरी येऊन तक्रार करावी, तर सुमती भाकरी थापता थापता विचारायची, "ठिपके आले होते का?" नाही म्हटलं की, "मंग बरं केलं भाऊजीनं फाडला." आता बोला! मी भांडायचं तरी कोणाशी?

प्रल्हाद गेला आणि पंधरवड्यात नलूवहिनींनी स्वतः निगेटिव्ह पाकिटात घालून माझ्या हाती दिली. मी थेट बर्डी गाठली. दोन दिवसांत फोटो तयार, एवढा मोठा, चकचकीत. सुमतीचा शालू सुरेख, सासूबाईंचा चेहरा लोण्यासारखा. हनुवटी साफ. मी काही बोलायच्या आत स्टुडिओवाला खुशीत म्हणाला, "आजीबाईच्या हनुवटीवर डाग होते साहेब, ते मी काढून टाकले." म्हणजे जे आणायला एक माणूस मरेस्तोवर झटला, ते याने ब्रशच्या एका फटक्यात उडवलं, आणि वर शाबासकीची वाट पाहत उभा! मला त्याचा गळाही धरता येईना आणि हसूही आवरेना. सुमतीने फोटो पाहिला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली.

नलूवहिनींना हे कळलं तशा त्या म्हणाल्या, "रविवारी निगेटिव्ह घेऊन या दोघं. मी करून पाह्यतो. औषध आहे अजून."

गेल्या रविवारी भर दुपारी मी पहिल्यांदा त्या न्हाणीत गेलो. घोंगडं लावलं, दार लोटलं. लाल उजेडात तिघं एकमेकांना चिकटून उभे. वहिनींनी निगेटिव्ह लावलेल्या मशीनचा उजेड कागदावर पाडला, मध्ये हात धरून तो हलवत राहिल्या, मग कागद ट्रेमध्ये सोडला. कोरा, पांढरा. मग मांडवाचा खांब आला, केस आले, डोळे... आणि हनुवटी यायच्या आधीच, नुसत्या पांढऱ्या कागदावर, तीन ठिपके. सुमतीने माझं मनगट घट्ट धरलं. ठिपक्यांभोवती हळूहळू हनुवटी जमली, गाल जमले, सावळा रंग चढला आणि सासूबाई ट्रेमध्ये जशाच्या तशा. "माय वं..." सुमती म्हणाली. रंग चढतच गेला आणि ठिपके त्यात बुडाले.

"इथंच हरते," वहिनी हलकेच म्हणाल्या. "आधी काढलं तर चेहरा कच्चा राह्यते, थांबलं तर गोंदण जाते. हे दर खेपेले म्हणत, आली... आली... गेली. मले वाटे, तुमाले माहीत असीन."

काय माहीत असणार, कप्पाळ! वर्षानुवर्षं हा प्राणी दर रविवारी माझ्या सासूला भेटत होता आणि मी बाहेर बादलीवर बसून आत उशीर का होतोय म्हणून दार ठोकत होतो. एकदा... फक्त एकदा कडी काढून सुमतीला आत घेतलं असतं त्याने! पण नाही. त्याला पक्का फोटोच द्यायचा होता.

वहिनींनी तो काळवंडलेला फोटो चिमट्याने उचलून पुढच्या ट्रेमध्ये टाकला. सुमतीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने पदर कमरेला खोचला.

"वहिनी," ती म्हणाली, "अजून एक कागद लावा."

दाराच्या फटीतून थोडा उजेड येत होता. मी तिथे पाठ लावून उभा राहिलो.