हबीब पेंटरने रंगवलेली बोंडअळी

नैयायिकांनी ज्ञानाची चार प्रमाणे सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचे सांगणे. आमच्या घाटंजीचा हबीब पेंटर त्यांपैकी प्रत्यक्ष तेवढे मानीत असे. स्वतः न पाहिलेली वस्तू रंगवणे म्हणजे त्याच्या लेखी उघड असत्य. दातांच्या दवाखान्याची पाटी करायला घेतली, तेव्हा त्याने आधी आपली एक निरोगी दाढ उपटून घेतली, तळहातावर ठेवून ती दिवसचे दिवस न्याहाळली, आणि मग पाटीवर मुळांसकट अशी उतरवली की रोगी दारातूनच परत फिरू लागले.

गुलाबी बोंडअळीने कपाशी आतून पोखरली, त्या वर्षी बियाण्यांचे दुकानदार बबनराव यांनी बाजाराच्या वाटेवरची आपली भिंत त्याच्या स्वाधीन केली. मुठीएवढी, शुभ्र, फुटलेली बोंडे काढावीत, इतकीच त्यांची अपेक्षा. हबीब प्रथेप्रमाणे मित्र मारोतीच्या वावरात गेला, दिवसभर बोंडे फोडून पाहत बसला, आणि परतल्यावर त्याने भिंतीवर एक भव्य बोंड काढले. शुभ्र कापसातून हातभर लांबीची गुलाबी अळी, एखाद्या यजमानीणबाईच्या प्रसन्नतेने, बाजाराकडे पाहत होती.

बाजाराच्या दिवशी भाजीच्या पिशव्या खाली ठेवून माणसे थबकू लागली. "अबे, हे तं माह्याच वावरातली हाय!" असे कोणी म्हणाले आणि हशा पिकला, पण तो फार वेळ टिकला नाही. बबनराव धावत आले.

"हबीबभाई, हे काय करून राह्यला तू? मले बियाणं इकाचं हाय का अळी?"

"बोंडात होतं तेच काढलं, भाऊ."

"पुस ते आधी!"

"पुसून कशी जाईन? वावरात जित्ती हाय ना ते. पयले तिले मरतानी पाहू द्या, मंग मेलेली काढतो."

बबनरावांना ही थट्टा वाटली. ती तशी नव्हती. दुसऱ्या दिवशी मारोतीचा कीटकनाशक फवारणीचा पंप पाठीवर घेऊन हबीब कपाशीत शिरला. झाडे डोक्याइतकी वाढलेली, वारा समोरून. मारोतीने डोळ्यांसाठी चष्मा दिला. काचेआडून पाहणे हे पाहणे नव्हे, म्हणून याने तो खिशात घातला. मग एका हाताने फवारीत, दुसऱ्या हाताने बोंड उकलून, तो तोंड खुपसून पाहत राहिला. अळी काही त्याला मरताना दिसली नाही. दुपारी डोळ्यांची आग सुरू झाली, आणि सायंकाळी त्याला घरातला दिवाही दिसेना.

यवतमाळच्या रुग्णालयात त्याच्यासारखेच फवारणी करणारे कितीतरी जण डोळे बांधून पडले होते. हबीब शेजारच्या खाटांना विचारी, "तुम्ही तरी पाह्यली का तिले मरतानी?" उशाशी बसलेली त्याची बायको अकीला डॉक्टरांना एकच विचारी, "यायले दिसन का जी?" डॉक्टर निश्चित काही सांगत नव्हते. पट्टी सुटली तेव्हा त्याला धुके दिसले, आणि धुक्यात हलणारी अकीलाची सावली.

घरी आल्यावर त्याने भिंतीकडे नेण्याचा हट्ट धरला. अकीलाने एका हातात रंगांचे डबे घेतले, दुसऱ्या हातात त्याचे मनगट. बाजाराला निघालेला मी तेथे थांबलो.

"अकीला, हाय का ते अजून?"

तिने भिंतीकडे पाहिले. अळी जागच्या जागी होती. कपाशी हातची गेल्यामुळे मारोतीने वेचणी सोडून त्या वावरात जनावरे चरायला घातली होती, हेही तिला ठाऊक होते.

"नाही जी," ती म्हणाली. "मेली ते. मारोतीभाऊ सांगून गेले, वावरातल्या साऱ्याच मेल्या. आता तिकडं जाचं काम नाही."

हबीबने ब्रश हातात घेतला.

"मेल्यावर कोन्त्या रंगाची झाली?"

एवढा विचार अकीलाने केला नव्हता. "काळी," ती चाचरत म्हणाली.

त्याने मान डोलावली, तिने पुढे केलेल्या काळ्या रंगात ब्रश बुडवला, डाव्या हाताने भिंत चाचपली, आणि अळी बाजूला राहून तिच्याभोवतीचा शुभ्र कापूस तो सावकाश, अत्यंत निगुतीने काळा करू लागला. अकीलाने डबा वर धरला, म्हणजे त्याला वाकावे लागू नये.