गंगूमावशी आणि वलगावचं पेव

गंगूमावशी गेल्याची बातमी मला वलगावच्या एका गाडीवानाने दिली. वैशाखातली दुपार होती. तो कापूस घेऊन अमरावतीला आला होता आणि बाजाराकडे जाता जाता आमच्या दारासमोर गाडी थांबवून उभा राहिला. मी पाणी विचारलं. आमच्या ख्रिस्ती घरचं पाणी तो घेत नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी विचारते. त्याने मान हलवली आणि म्हणाला, “मास्तरीनबाई, तुमची गंगूबाई गेली. परवा माती देल्ली.” कशाने, म्हणून विचारलं. “तापानं. चार रोज निजून होती. पोरगा अकोल्याले गाडी घेऊन गेल्ता, तो आला अन मंग गेली... वाट पाहूनच राह्यली होती.” एवढं सांगून त्याने बैलांना हाक दिली. मी आत जाऊन चुलीवरची डाळ उतरवली आणि शाळेत मास्तरांना, म्हणजे माझ्या यजमानांना, निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वलगावला गेलो. तिला तिच्याच मळ्याच्या बांधाशी, लिंबाच्या सावलीत पुरलं होतं. गावाच्या मसणवटीत ख्रिस्ती माणसाला जागा नव्हती, आणि ती मागायला जाणारी बाई गंगूमावशी नव्हती.

आम्ही नगरकडचे. माझे यजमान उपदेशक आणि शिक्षक म्हणून वऱ्हाडात आले, तेव्हा मीही आले. इथली बोली मला पहिल्यांदा भांडणासारखी वाटे. गंगूमावशीची आणि माझी ओळखही तशीच झाली. ती वलगावची माळीण. नवरा लवकर गेलेला, एक मुलगा सखाराम, मळ्यात वांगी, मिरची, झेंडू, आणि गावाशेजारी थोडी काळी जमीन. भाजीची पाटी घेऊन ती आठवड्याच्या बाजाराला अमरावतीला येई आणि उरलीसुरली भाजी आमच्या आळीत विकी. एकदा मी वांगं दाबून पाहत होते, तर म्हणाली, “बाई, पोरगी पाहाले आली का वांगं घ्याले? घेनं असन तं घे, नाही तं ठेव.” मी वांगी घेतली. नंतर ती मास्तरांचं वाचन ऐकायला ओसरीखाली बसू लागली, पुढे सखारामलाही आणू लागली, आणि दोन पावसाळ्यांनी दोघांनी बाप्तिस्मा घेतला. मास्तरांनी तिला नवं नाव सुचवलं होतं. तिने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, “देवानं मले गंगू मनून बोलावलं, अन म्या ओ देल्ली. आता दुसऱ्या नावानं त्यानं हाक मारली तं मले कसं समजन?” मास्तर हसले आणि नाव तेच राहिलं.

तिची प्रार्थना कोणी शिकवल्यासारखी नव्हती. मास्तर डोळे मिटून, शब्द जुळवून देवाशी बोलत. ती हातातलं काम न सोडता बोले. मोट हाकायला जाताना म्हणे, “देवा, मोट धरून राह्यली बरं. नाडा जुना हाये, ध्यान ठेव.” आणि हे म्हणून झालं की वाकून नाडा, म्हणजे मोटेचा दोर, तपासे. मी एकदा विचारलं, देवाला ध्यान ठेवायला सांगितलं, तर मग तू कशाला बघतेस? ती म्हणाली, “शेजारनीले पोरगं पाहाले सांगतलं मनून माय पाह्यनं सोडते काय?” देवावर भरवसा कसा ठेवावा हे पुष्कळ जण विचारतात. मला तेव्हा वाटलं होतं की हिला ते आधीपासूनच ठाऊक आहे. पण ते पुरतं तसं नव्हतं, आणि तेच सांगायला मी हे लिहिते आहे.

अमेरिकेत लढाई पेटली आणि आमच्या वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला ती वर्षं वाचकांना आठवत असतील. ज्याला त्याला कापूसच पेरायचा होता. ज्वारीची रानं गेली, मळ्यातली वांगी गेली, काहींनी तर गुरांचं कुरणही नांगरलं. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या आणि ज्वारी मात्र दिसेनाशी झाली. सखारामलाही सगळ्या शेतात कापूस घालायचा होता. गंगूमावशीने अर्ध्या शेतात ज्वारीच पेरायला लावली. “रुपया जात्यात घातला तं पीठ निघते काय रे?” एवढंच ती म्हणे. ती ज्वारी त्यांच्या पेवात भरली होती. ज्यांनी पेव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हा जमिनीत विहिरीसारखा खोल खणलेला कोठा असतो, तोंड लहान, पोट मोठं. आतून कडबा लावून धान्य भरतात आणि तोंडावर फरशी ठेवून मातीने लिंपून टाकतात. हे पेव तिच्या आणि तिच्या धाकट्या दिराच्या, नारायणच्या, घरांमधल्या अंगणात होतं. मायलेकांनी बाप्तिस्मा घेतल्यापासून नारायणने बोलणं सोडलं होतं. मळ्याच्या विहिरीवरची तिची मोटेची पाळी त्याने कधी मोडली नाही, पण तोंडातून शब्द काढला नाही.

पेव उघडायची तिथली एक रीत आहे. फरशी काढतात, तोंड उघडं ठेवतात, मग एका ताटात नारळ, हळदकुंकू, फुलं आणि दिवा घेऊन पेवाच्या राखणदाराची पूजा करतात. नारळ फोडतात, दिवा सुतळीला बांधून आत सोडतात, आणि मग माणूस उतरतो. त्या वर्षी ज्येष्ठात आम्हीही वर्षाची ज्वारी घ्यायला गेलो होतो. गंगूमावशीने फरशी काढली होती, पण ताट नव्हतं. देवाखेरीज कोणापुढे दिवा लावायचा नाही असं मास्तरांनी अनेकदा सांगितलं होतं आणि तिने ते मनापासून धरलं होतं. मास्तर नगरचे, मी नगरची. आमच्याकडे धान्य कणगीत असतं. दिवा कशासाठी, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. नारायण आपल्या ओट्यावर दोर वळत बसला होता. सखारामने धोतर खोचलं तसा तो उठून आला आणि इतक्या काळाने पहिल्यांदा बोलला, “दिवा कुठी हाये?”

“आता आमाले राखनदार लागत नाही, भाऊजी,” गंगूमावशी म्हणाली. “आमचा देव हाये.”

“देव असन. दिवा कुठी हाये मनतो मी.”

सखाराम हसला. “काका, तुमी भेता. मी नाही भेत.” आणि तो पाय टेकवत उतरला. खालून त्याने काहीतरी सांगितलं, मग अर्धवट काहीतरी म्हणाला... आणि मग आवाज आला नाही. गंगूमावशीने दोनदा हाक मारली. नारायणने हाक मारलीच नाही. त्याने ओट्यावरचा दोर कमरेला बांधला, दुसरं टोक मास्तरांच्या हातात दिलं, मला घोंगडी दिली आणि तोंडाशी जोरात वारा घालायला सांगितलं. ओलं धोतर नाकाला गुंडाळून तो आत गेला. मी घोंगडी हलवत राहिले. दोराला झटका बसला तसे आम्ही तिघं ओढू लागलो. आधी सखाराम वर आला, दोर त्याच्या काखेतून बांधलेला होता. तो सोडून पुन्हा टाकेपर्यंत नारायण खाली श्वास धरून उभा होता. तोही वर आला आणि अंगणात पालथा पडला. सखारामचा रंग मातीसारखा झाला होता. पुष्कळ वेळाने त्याला उलटी झाली आणि तो रडला, तेव्हा गंगूमावशी खाली बसली.

संध्याकाळपर्यंत गाव जमलं. सगळ्यांचं एकच म्हणणं, नारळ दिला नाही म्हणून राखणदार कोपला. सखाराम बाजेवर पडल्या पडल्या म्हणाला, “माय, आपन नारळ फोडू. चुकलं आपलं. मले परत जातीत घेऊन चल.” मास्तर बायबलाची पानं उलटत होते. गंगूमावशी उठली. मला वाटलं, नारळ आणायला चालली. ती नारायणच्या ओट्यासमोर जाऊन उभी राहिली.

“भाऊजी, एक खरं सांगा. नारळ नसता अन दिवा असता, तं काय झालं असतं?”

“दिवा विझला असता. आत हवा खराब हाये हे समजलं असतं. मी पोट्टयाले उतरू देल्लं नसतं.”

“अन नारळ असता, दिवा नसता तं?”

नारायणने गावाकडे पाहिलं. गाव ऐकत होतं. “पडला असता,” तो म्हणाला.

“बस,” ती म्हणाली आणि परत आली. सखारामच्या उशाशी बसून तिने सांगितलं, “बाबू, नारळ राखनदाराचा होता. दिवा देवाचाच होता. देवानं हातात देल्ला अन म्याच फेकला. चुकलं ते माह्यं, देवाचं नाही.” सखारामने नारळाचा हट्ट सोडला. पुढे बरेच दिवस तो प्रार्थनेला येऊन मागे बसे. ती त्याला पुढे बोलवत नसे. हळूहळू तो आपणच पुढे आला. मास्तरांनी त्यानंतर दिव्यांवर उपदेश केला, पण थोडा विचार करून.

भरवसा म्हणजे डोळे मिटून उडी घेणं, असं नव्याने विश्वासात आलेल्यांना वाटतं. त्यांनाच कशाला, जुन्यांनाही वाटतं. गंगूमावशीलाही एक दिवस तसं वाटलं आणि त्याची किंमत मुलाच्या जिवाने द्यायची पाळी आली होती. तिने त्यानंतर भरवसा कमी केला नाही. तो पुन्हा मोटेच्या नाड्याजवळ आणून ठेवला, जिथे तो आधी होता. देवाने जे हाताशी दिलंय ते नीट वापरायचं, आणि हात पोहोचत नाही तिथलं त्याच्यावर सोडायचं. हे सोपं नाही. मी रोज पाहते, माणसं याच्या बरोबर उलट करतात.

ख्रिस्ती माणसाला हात लावला म्हणून जातीने नारायणकडून दंडाचं जातजेवण मागितलं. त्याने ते घातलं, आणि वहिनीशी बोलणं मात्र पुन्हा थांबवलं नाही. सखारामची छाती त्या दिवसापासून कच्ची राहिली, म्हणून पेवात दरवर्षी नारायणच उतरू लागला. गंगूमावशी दिवा सोडे, तो जळत राहिला की दोर चाचपून पाही, आणि तोंडाशी उभी राहून म्हणे, “देवा, दिवा जळून राह्यला. दोर पाह्यला. भाऊजी उतरून राह्यले. वर आमी हाओत, खाली तू राह्य.” नारायण ते ऐकून घेई. आपल्याला त्यातलं काही पटतं असं त्याने कधी सांगितलं नाही. “तिचं झालं की उतरतो,” एवढंच म्हणे.

यंदा ज्येष्ठात आम्ही ज्वारीला गेलो ते तिच्यावाचून. सखारामने फरशी काढून तोंड उघडं ठेवलं होतं. दिवा आत सोडला. ज्योत सरळ उभी राहिली. दोर बांधून झाला, तरी नारायण काठावरच उभा. काय झालं, म्हणून सखारामने विचारलं. नारायण माझ्याकडे पाहत म्हणाला, “दिवा तं बरा हाये, बाई. पन वयनी जे मनत जाय, ते कोनी मनन का नाही?” मास्तर पुढे झाले, पण तो माझ्याचकडे पाहत होता. मग मी म्हटलं. मला तिच्यासारखं येत नाही. दिवा जळतो आहे, दोर पाहिला आहे, नारायणभाऊ उतरत आहेत, असं आमच्या नगरच्या बोलीत सांगितलं आणि आमेन म्हणून थांबले.

नारायण हलला नाही. “शेवटचं राह्यलं,” तो म्हणाला.

“वर आम्ही आहोत,” मी म्हटलं. “खाली तू राहा.”

मग तो उतरला.