शब्द सापडेपर्यंत

मल्लेश्वरमच्या मानसोपचार दवाखान्यात एक तरुणी फोनवर मराठीत बोलताना ऐकली, तिच्या गळ्यात ओळखपत्र दिसलं आणि तिला तिथलीच डॉक्टर समजून मी घरचं सगळं सांगून टाकलं. पंधरा वर्षांच्या मुलीला नैराश्यावरच्या गोळ्या लिहून दिल्यात, पण वाढत्या मेंदूचं पुढे काय होईल या भीतीनं मीच त्या कपाटात ठेवून अडून बसलोय, वगैरे. बंगळुरात ओळखपत्र निम्म्या गावाच्या गळ्यात असतं, हे इतकी वर्षं राहूनही मला सुचलं नाही.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग बेळगावी सुरात म्हणाली, "मी डॉक्टर नव्हे ओ काका, मारतहळ्ळीला एका कंपनीत नोकरी करते, हे तिथलं ओळखपत्र. पण सोळाव्या वर्षी मलाही असल्याच गोळ्या दिल्या होत्या."

बोलताना ती मध्येच थांबायची आणि शब्द सापडेपर्यंत दोन बोटं गुडघ्यावर वाजवायची. "हे बघा, असं अडतं. गोळ्यांमुळं, आजारामुळं की स्वभावच तसा, कुणी छातीठोक सांगत नाही. इथं त्यावर संशोधन चाललंय, त्यात मी नाव घातलंय. काय पाहिजे ते तपासा म्हटलंय. उत्तर मिळेपर्यंत मी येणार."

"गोळ्या घेतल्याचा पस्तावा होतो?"

बोटं बराच वेळ वाजली. "त्या वर्षी मी अंथरुणातनं उठत नव्हते, काका. उठले, म्हणून तर आज हे प्रश्न विचारायला आले."

घरी येऊन मी हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "परक्या मुलीला एवढं विचारलंत. आता आत जा आणि आपल्या मुलीला विचारा."