इरलं पांघरलेली पाठ

यजमान गेल्यानंतर मी प्रार्थना करणं सोडून दिलं होतं. कुणाला ते कळलं नव्हतं. श्रीरामपूरला माहेरी गेले की रविवारी आईबरोबर देवळात जायची. आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. गाणी म्हणायची, इतरांबरोबर डोळे मिटायची, पण मिटल्या डोळ्यांमागं काही नसायचं. यजमान शाळेत शिक्षक होते. तापाचं निमित्त झालं आणि मांडलेला संसार मोडला. त्यांच्या उशाशी बसून मी जे मागितलं होतं, त्यापेक्षा जास्त कळवळून मला आता काही मागता येणार नव्हतं. आणि तरीही पलीकडून काही आलं नाही. मला रागसुद्धा आला नाही. बंद घराची कडी वाजवून माणूस थकतो आणि वळून चालू लागतो, तसं झालं.

मी नर्स होते. ओळखीच्या माणसांत राहणं नकोसं झालं होतं, म्हणून कुणी मागत नसे ती डोंगरातली नेमणूक मी मागून घेतली. राजूरच्या पुढं, भंडारदऱ्याच्या धरणाजवळ एका लहानशा दवाखान्यात मला खोली मिळाली. धरणाच्या पाण्याभोवती रानात वाड्या विखुरलेल्या होत्या. कुठं बाळंतीण अडली, कुठं देवीची लस टोचायची राहिली, की पायी निघायचं. होडी असे, पण वारा सुटला की होडीवाला वल्ह्याला हात लावत नसे. मग पाण्याच्या काठाकाठानं, जांभळाच्या आणि हिरड्याच्या झाडांतून जाणारी पायवाट धरायची. उन्हाळ्यात ती वाट मला आवडायची. पावसाळ्यात मात्र तिचं रूप पालटे. धुकं उतरलं की पाणी दिसेनासं व्हायचं, नुसतं ऐकू यायचं, आणि ते कुठल्या बाजूला आहे हेही धड कळायचं नाही.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. श्रावण चालू होता. पाण्यापलीकडच्या वाडीतला सोमा दुपारी दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. अंगावर पळसाच्या पानांचं इरलं होतं, डोक्यावरून पाठभर आलेलं, तिकडं पावसात सगळे पांघरतात तसं. त्याची बायको आदल्या दिवसापासून अडली होती.

"बाई, मूल पायाकडनं येतंय म्हनती माझी आई. तिला काई उमजंना. चला तुमी."

वारा होताच, त्यामुळं होडीचा प्रश्न नव्हता. मी माझी पेटी खांद्याला अडकवली. ती मी कधीच दुसऱ्याच्या हाती देत नसे. आम्ही निघालो.

निम्मी वाट नीट सरली. मग डोंगरावरून धुकं खाली आलं आणि रान एकाएकी मुकं झालं. पाखरू नाही, बेडूक नाही. वरच्या कड्यांवरून कोसळणाऱ्या पाण्याचा तेवढा एकसुरी घोष, आणि तोही जणू भिंतीपलीकडून यावा तसा. सोमा पुढं, मी मागं. एका ठिकाणी माझ्या पायात काटा मोडला. मी वाकून तो काढला, वर पाहिलं, तर पुढं कुणी नव्हतं. मी हाक मारली. पुन्हा मारली. माझाच आवाज मला परका वाटला. बायकोच्या काळजीनं तो भरभर पुढं गेला असेल, असं म्हणून मी चालत राहिले.

थोडं पुढं गेल्यावर दगडावर काठी टेकल्याचा आवाज आला. धुक्यात एक इरलं दिसलं. मला इतकं हायसं वाटलं की मी जवळजवळ धावलेच. "सोमा, थांब की रे," मी म्हटलं. तो थांबला नाही, वळलाही नाही. मी पाय उचलले तरी आमच्यातलं अंतर कमी होईना. दम लागून मी थांबले, तेव्हा पुढची पाठही थांबली. मी चालू लागले, तशी तीही चालू लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सोमाच्या हातात काठी नव्हती.

त्या क्षणी अंगावर जो काटा आला, तो आज लिहितानाही येतो. परत फिरावं म्हटलं तर मागं पांढऱ्या धुक्यावाचून काही नव्हतं. पेटीचा पट्टा घट्ट धरून मी त्या पाठीमागं चालत राहिले. काठी टेकायची, थांबायची, पुन्हा टेकायची. माणूस आहे की आणखी काही, हा विचार मी मनात पुरता येऊ देत नव्हते.

वाडीच्या अलीकडं एक ओढा लागतो. पायवाट सरळ खाली उतरून दगडांवरून पलीकडं जाते. लस टोचायला मी त्या वाटेनं कितीदा गेले होते. पण ओढ्याचा आवाज आला तसं ते इरलं उजवीकडं वळलं आणि कारवीच्या दाटीतून चढणीला लागलं. तिकडं वाट नव्हती.

"अहो, तिकडं कुठं? वाट इकडं खाली आहे," मी ओरडले.

ते चढणीवर थांबून राहिलं. पाठमोरंच. बोलणं नाही, खूण नाही. मी खालच्या वाटेवर दोन पावलं टाकून पाहिली. माझी ओळखीची वाट पायाखाली होती, पलीकडं एक बाई मरणाच्या दारात होती, आणि इथं एक अनोळखी पाठ मला रानात नेऊ पाहत होती. कुणीही शहाणा माणूस खालीच गेला असता. मी का वळले ते मला सांगता येत नाही. एवढंच आठवतं, की अचानक मला फार थकल्यासारखं झालं, आणि यजमानांच्या उशाशी इतकं मागूनही जे तोंडातून कधी निघालं नव्हतं ते आपोआप निघालं, "आता तूच ने." कुणाला म्हटलं, तेही ठरवलं नव्हतं. मी कारवी हातानं बाजूला सारत चढू लागले.

बऱ्याच वर गेल्यावर खालून एक आवाज आला. धाड असा नव्हे, तर एखादं मोठं जनावर कुशीवर वळावं तसा, लांबलेला आणि ओला. मग पाण्यात काही कोसळत राहिलं. मी झाडाला मिठी मारून उभी राहिले. खाली काय झालं ते दिसत नव्हतं.

वर ओढा अरुंद होता आणि त्याच्यावर एक उन्मळलेलं झाड आडवं पडलं होतं. इरलं पलीकडं पोचलेलं होतं. कधी, कसं, ते मी पाहिलं नाही. मी झाडावर ओणवी होऊन रांगत पार झाले. पुढं उतार, मग धुराचा वास, मग कुत्र्याचं भुंकणं. समोर सोमाचं घर उभं होतं आणि अंगणात कुणी नव्हतं.

विचार करायला वेळ मिळाला नाही. आत सोमाची आई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पोरगी पांढरीफटक पडली होती. मूल पायाळूच होतं. म्हातारीनं पाणी तापवून ठेवलं होतं, कापडं तयार ठेवली होती. माझे हात कामाला लागले आणि मन आश्चर्य वाटावं इतकं शांत झालं. डोकं अडलं तेव्हा मी घाई केली नाही. मुलगी झाली. आधी निपचित, निळी. मग म्हातारीच्या आणि माझ्या चोळण्यानं तिनं श्वास ओढला आणि रडली. तिची आईही वाचली.

दिवस मावळता मावळता सोमा दारात आला. अंग चिखलानं माखलेलं, एक पाय सुजलेला, डोक्यावर काही नाही. तो मला पाहून चौकटीला धरून मटकन खाली बसला.

"बाई," तो म्हणाला, "मी तुमाला पान्यात हुडकत हुतो."

मग त्यानं सांगितलं. मी काटा काढत होते तेव्हाच त्याचा पाय घसरून तो खाली पाण्याच्या अंगाला गेला होता. तो हाका मारत होता, मला ऐकू गेल्या नाहीत. कसाबसा वर येऊन लंगडत तो ओढ्यापर्यंत पोचला, तर तिथली दरड वाटेसकट धरणात गेली होती. मी पुढं होते, म्हणजे मीही गेले, असंच त्यानं धरलं. काठाकाठानं तो मला शोधत फिरला, आणि घरी कोणत्या तोंडानं जावं म्हणून वरच्या रानात रडत बसला होता.

"तुझं इरलं?" मी विचारलं.

"ते तिथंच झुडपात अडाकलं. का वो?"

मी सगळं सांगितलं. चुलीतलं लाकूड तेवढं फुटत होतं. शेवटी सोमाची आई म्हणाली, "लई इचारू नगा, बाई. ज्यानं आनलं त्याला ठावं हाय." आणि तिनं कोनाड्यातल्या तिच्या देवापुढं दिवा लावला. मी तिच्या शेजारी बसले. किती दिवसांनी माझे डोळे मिटले आणि मागं काहीतरी होतं. शब्द सापडले नाहीत, पण त्यांची गरजही लागली नाही.

पुढं बाजाराच्या दिवशी राजूरला मी पुष्कळांना विचारलं. एकानं सांगितलं, वरच्या रानात गुरं राखणारा एक बहिरा, मुका म्हातारा आहे, तोच असेल. दुसरा म्हणाला, तो त्या पावसाळ्यात तिकडं नव्हताच. मी आणखी खोलात गेले नाही. देवानं एखादा माणूस पाठवला की तो स्वतः आला, यानं माझ्या कृतज्ञतेत काही कमीजास्त होणार नव्हतं. यजमान का गेले, हे मला आजही कळलेलं नाही. परंतु जो बोलत नाही तो नसतोच, असं मी त्या दिवसापासून म्हणू शकले नाही.

त्या बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीतून परत निघाले, तेव्हाचं अजून आठवतं. रात्रभराच्या पावसानं सगळ्या खुणा धुऊन नेल्या होत्या. सोमाचा पाय सुजलेला, म्हणून त्याची आई मला वरच्या रानातून पोचवायला निघाली. अंगणापुढं पुन्हा तेच पांढरं धुकं उभं होतं. म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"वाट दिसती का, बाई?"

"नाही, आजी."

"मंग या माज्या मागं," ती म्हणाली, आणि मी गेले.