मागचे केस पुढं

नर्सरीत काम करणाऱ्या माणसाचे हात गुंतलेले असतात आन् तोंड मोकळं असतं. पिशव्यांत माती भरताना, कलमाला पट्टी गुंडाळताना माणूस बोलणार न्हाई तर करणार काय? रोपं शेतकरी घेऊन जातात. किस्से मात्र तिथंच राहतात आन् साठत जातात.

आमची सरकारी रोपवाटिका बदनापूरच्या अलीकडं. मोसंबीची कलमं करून द्यायची, हे तिथलं मुख्य काम. मी तिथं क्लार्क होतो. मोबाईल अजून यायचे होते, फोन करायचा तर एसटीडी बूथवर जावं लागायचं, त्या काळातली ही गोष्ट. तिथल्या किश्शांपैकी निम्मे तरी एकट्या दिगंबरच्या केसांचे असतील. दिगंबर आमचा कृषी सहायक. मूळचा टेंभुर्णीचा, दोन लेकरांचा बाप, स्वभावानं गोड, पण एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा न्हाई.

* * *

सुरुवात झाली एका फोटोपासून. जालन्याला कृषी प्रदर्शन होतं आन् आमच्या मोसंबीला बक्षीस लागलं. सगळे फोटोत यावेत म्हणून फोटोग्राफर खुर्चीवर चढला. आम्ही मागं उभे राहिलो. दिगंबर पुढं खाली बसून मोसंब्या नीट लावून राह्यल्ता, तेवढ्यात बटण दाबलं गेलं.

आठवड्यानं फोटो धुवून आला. दिगंबर बराच वेळ तो हातात धरून बसला. कधी जवळ धरायचा, कधी लांब. शेवटी मला म्हणाला, "अण्णा, हा पुढं मोसंब्यांजवळ कोण टकला म्हातारा येऊन बसला? आन् मी कुठं गेल्तो?"

आमच्या साहेबांचं डोकं आम्ही पहिल्या दिवसापासून गुळगुळीतच बघत आलो होतो. ह्या विषयात त्यांचा अधिकार मोठा. त्यांनी चष्मा वर केला आन् एवढंच म्हणाले, "शर्ट बघ, दिगंबर."

* * *

मंग उपचार सुरू झाले. रोपवाटिकेतल्या प्रत्येकाला एक औषध माहीत होतं. कुणी जास्वंदीचा पाला आणला, कुणी कसलंसं काळं तेल. शेवटी कांद्याच्या रसावर सगळ्यांचं एकमत झालं.

पण साहेब म्हणाले, असं चालणार नाही. सगळ्या डोक्याला रस लावलास तर फरक पडला की नाही, हे कळणार कशावरून? अर्ध्याला लाव आन् अर्धं तसंच ठेव. आम्ही खताचा प्रयोग असाच करायचो, त्यामुळं हे सगळ्यांना पटलं. दिगंबरलासुद्धा पटलं! रोज सकाळी डाव्या बाजूला रस, उजवी बाजू कोरडी. ऑफिसात त्याच्या डावीकडची खुर्ची मोकळी राहायला लागली. एसटीत तो मुद्दाम खिडकीची जागा धरायचा, डावं डोकं बाहेर.

दोनेक महिन्यांनी साहेबांनी किडी बघायचं भिंग काढलं. त्याला उन्हात बसवून दोन्ही बाजू तपासल्या आन् निकाल दिला. दोन्हीकडची गळ बराबर सारखी. वासाशिवाय काहीही फरक नाही.

* * *

त्याच दुपारी दिगंबरनं जाहीर केलं, हैदराबादला जाऊन केस लावून घेणार. मागचे काढून पुढं बसवतात, एका शेतकऱ्याच्या जावयानं बसवलेत, मी डोळ्यांनी बघून आलो.

गावात चर्चा व्हायला वेळ लागत न्हाई. लग्न झालेलं, लेकरं झालेली, आता कुणाला दाखवायचंय, असं जो तो विचारायला लागला. त्याचे मामा धावड्याहून रोपं न्यायला आल्ते. ते तर सगळ्यांसमोर बोलले. डोक्यावर पांढरी टोपी, टोपीखाली पुढं एक केस न्हाई. म्हणाले, "आरं, म्या टोपीखाली जन्म काढला. काय अडलं माझं? बाप्या माणसानं केसासाठी एवढा खर्चा करायचा का?" दिगंबरची बायको म्हणाली, मला तर काही अडचण न्हाई बाई. तर हा म्हणाला, मला हाये ना पण.

एकदा स्कूटरवरून येताना मीच त्याला विचारलं, की बाबा, खरं कारण काय? त्यानं स्कूटर कडेला घेतली.

"अण्णा, शेजारी साखर मागायला आला तरी इचारून नेतो. हे रोज उशीवरून चाललेत, मला न इचारता. झाडाला मर रोग लागला तर मी शेतकऱ्याला सांगतो का, राहू द्या म्हणून? मंग माझ्याच डोक्याचं का राहू देऊ?"

एवढं बोलून त्यानं किक मारली. त्या दिवसापासून मी त्याला एकदाही जाऊ नको म्हणालो न्हाई. मोटरसायकलसाठी साठवलेले पैसे त्यानं बँकेतून काढले, रजा टाकली आन् मलाच सोबत चल म्हणाला.

* * *

निघायच्या आधी एक तपासणी राहिली होती, ती आसारामनं केली. आसाराम म्हणजे आमचा कलमं करणारा माळी. मोसंबीचं कलम करताना चांगल्या झाडाच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला कोंब, काढतात आन् दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवतात. जन्मभर त्यानं हेच केलेलं. केस लावणं त्याला सगळ्यात जल्दी कळलं.

त्यानं दिगंबरला स्टुलावर बसवलं आन् मागचे केस बोटांनी चाचपून बघितले, जसं डोळे काढायच्या आधी झाड बघतात तसं. एकेक बट उलटी करून पाहिली. मंग म्हणाला, माल चांगला हाये, पण पुढच्या जागेचं काही खरं दिसंना, एवढ्या वर्षांत तिथं ऊन लई बसलंय. आन् एक सांगतो भाऊ, लागवड पाऊस पडल्यावरच कर, उन्हाळ्यात लावू नको.

दिगंबरनं खरंच तिकीट बदललं. आम्ही जुलैत गेलो!

* * *

हैदराबादचे डॉक्टर मोठे अदबीचे. दिगंबरनं बसता बसताच विचारलं, "डॉक्टरसाब, लगाने के बाद मरते कितने?"

डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "मियाँ, मेरे यहाँ आज तक कोई नहीं मरा!"

मंग मी मधे पडलो. म्हणालो, साहब, ये रोपां का पूछ रहे हैं, हम नर्सरीवाले हैं. हे ऐकल्यावर डॉक्टरांचा चेहराच बदलला. त्यांच्या गच्चीवर कुंडीत लिंबाचं झाड होतं आन् त्याला काही केल्या फळ येत नव्हतं. केस लावायचं चालू असताना मी बाहेरच्या बाकावर दिवसभर बसलो होतो. मधेच नर्स हसत बाहेर आली आन् म्हणाली, अंदर तो सिर्फ लिंबू चल रहा है. पेशंट पालथा पडून खत सांगून राह्यल्ता, डॉक्टर केस काढता काढता हो हो करून राह्यले होते.

संध्याकाळी डोक्याला पट्टी बांधून दिगंबर बाहेर आला. डॉक्टरांनी समजावलं, लावलेले केस आधी गळतील, घाबरायचं नाही, नंतर हळूहळू येतील, सबर रखो. दिगंबर म्हणाला, "रखता. लेकिन आपके लिंबू को इतना टाइम नहीं लगेगा. कल से पानी बंद करो."

* * *

आन् केस गळाले. डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, कागदावर लिहून दिलेलं होतं, तरी ज्याचे गळतात त्याला कोण समजावणार? दिगंबर सकाळी आला, जेवणाचा डबा टेबलावर ठेवला आन् रोपांच्या सावलीत जाऊन बसला. मी गेलो तर म्हणाला, "अण्णा, सगळे गेले." मला त्याची खरंच दया आली. त्याच्याकडं बघवत नव्हतं.

आसाराम हातातली पट्टी खाली ठेवून आला. वाकून डोकं बघितलं आन् म्हणाला, "पानगळ झाली म्हणायची. मंग ताण बराबर बसला."

आमच्याकडं मोसंबीचं असंच असतं. बहार धरायचा तर आधी पाणी तोडतात, त्यालाच ताण म्हणतात. पानं पिवळी पडतात, गळतात, नवा माणूस बघून घाबरतो. मंग पाणी सोडलं की झाड फुलतं. दिगंबर चिडला. म्हणाला, तुला केसातलं काय कळतं? आसाराम म्हणाला, केसातलं बिलकुल कळत न्हाई. पण गळलेल्या मोसंबीवर तू इश्वास ठेवतो, मंग डोक्यावर बी ठेव.

दिगंबर उठला, हात धुतले आन् डबा उघडला. त्यानंतर त्यानं कुणाजवळ तक्रार केली न्हाई. टोपी घातली न्हाई. लोक हसले तरी तसाच उघड्या डोक्यानं शेतकऱ्यांसमोर उभा राहायचा आन् कलम कसं करायचं ते सांगायचा.

* * *

वर्षभरात केस आले. चांगले आले! साहेबांनी परत भिंग काढलं, बघितलं आन् खिशात ठेवलं. दिगंबरनं खिशात कंगवा ठेवायला सुरुवात केली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याची आई टेंभुर्णीहून आली. लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आन् म्हणाली, आता जावळ काढून टाकू.

लेकराचे जन्माचे पहिले केस काढून देवाला देतात, ते जावळ. दिगंबरला वाटलं आई थट्टा करतेय. आई थट्टा करत नव्हती. हा हैदराबादला गेला त्या दिवशी ती देवाला बोलली होती, पोराच्या डोक्यावर केस येऊ दे, पहिले तुलाच देईन.

दिगंबरनं हरतऱ्हेनं सांगून बघितलं. म्हणाला, आई, हे माझेच मागचे केस हायेत, पुढं आणलेत, ह्यांचं जावळ तूच काढलंस मी रांगत होतो तेव्हा. आई म्हणाली, त्या जागी पहिल्यांदाच आलेत ना? मंग पहिलेच. तो मला घेऊन एसटीडी बूथवर गेला, की डॉक्टरच नको म्हणतील. डॉक्टरांनी आधी लिंबाला फुलं आल्याची खुशखबर दिली आन् मंग म्हणाले, "जड़ तो अंदर है मियाँ, बिनधास्त कटाओ. फिर आ जाएंगे." दिगंबरनं फोन असा ठेवला की बूथवाला बघायला लागला. मला म्हणाला, काही झालं तरी देणार न्हाई.

आई रागावली न्हाई, रुसली न्हाई. रविवारी सकाळी मी त्याच्या घरी चहाला बसलो होतो, तेव्हा ती त्याच्यासमोर येऊन खाली बसली.

"दिगू, मी नवस बोलले तवा तुला इचारलं न्हाई, ते चुकलंच. आता इचारते. देतोस का? न्हाई म्हणलास तर मी देवाला तसं सांगन."

दिगंबरनं चहा संपवला. कंगवा काढला, एकदा नीट भांग पाडला, आरशात बघितलं. आन् म्हणाला, "घे. तू निदान इचारलंस तरी."

जावळ टेंभुर्णीला, घराच्या अंगणात झालं. जावळ काढायचं ते मामाच्या मांडीवर, त्याला इलाज न्हाई. धावड्याचे मामा रिवाजाप्रमाणं भाच्याला नवे कपडे घेऊन आले, फक्त माप मोठं. एवढा बाप्या मांडीवर बसवला तर म्हाताऱ्याची हाडं राहतील का? म्हणून दिगंबर चटईवर बसला आन् मामांच्या मांडीवर डोकं टेकलं. त्याची आत्या पदर पसरून केस झेलायला बसली. दिगंबरची दोन लेकरं हसून हसून लोळायला लागली. मी पाण्याचा तांब्या धरून अगदी जवळ उभा होतो. न्हाव्यानं केस भिजवले आन् पुढची पहिली बट कापली. दिगंबरनं डोळे मिटून घेतले, पण हूं की चूं केलं न्हाई.

मामा ती बट पदरात पडताना बघत होते. मंग त्यांनी इकडंतिकडं बघितलं, भाच्याच्या कानाशी वाकले आन् हळूच म्हणाले, "दिगू, माझ्या बी मागं थोडे हायेत. पुरतील का रे?"

न्हाव्याचा वस्तरा चालू होता. दिगंबरनं मान हलवली न्हाई. डोळे मिटूनच हात वर नेला, मामांची टोपी मागून जरा उचलली आन् बोटांनी चाचपून बघायला लागला.